दरोड्याचे आख्यान : लक्ष्मी गेटच्या आतून

झाशीच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी पूर्वेच्या अंगाचा एक दरवाजा आजही लक्ष्मी गेट या नावाने ओळखला जातो. त्याबाहेरची वाट लक्ष्मी तलावाकडे आणि तेथील महालक्ष्मीच्या देवळाकडे जाते. कोकणातून बुंदेलखंडात जाऊन तेथलेच होऊन राहिलेल्या नेवाळकर घराण्याची ही कुलदेवता. गंगाधररावांची छत्रीही याच परिसरात आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात राणी लक्ष्मीबाई या देवीच्या दर्शनाला कधी पालखीतून, तर कधी घोड्यावरून जात, याचे मोठे प्रसन्न वर्णन आहे. मराठी वाचकाच्या मनात ते घर करून राहिले आहे. त्याच पुस्तकात, त्याच शहराच्या लुटीचे वर्णनही आहे. ते मात्र वाचकाच्या स्मरणात तितके टिकलेले दिसत नाही. राणीच्या चरित्राचे साधन म्हणून हे पुस्तक पुष्कळ वाचले गेले. लुटीचे आख्यान म्हणून ते वाचावे, असे फारसे कोणाला वाटले नाही.

या उपेक्षित अंगाकडे लक्ष वेधण्याचे काम आज एका अगदी अनपेक्षित दिशेने होऊ शकते. दरोडा हाच ज्यांचा विषय आणि दरोड्याची योजना हाच ज्यांचा घाट, असे चित्रपट जगात गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे निघत आहेत, आणि एकविसाव्या शतकात स्पॅनिश भाषेने या प्रकारात लक्षणीय भर घातली आहे. कोकणातल्या एका भिक्षुकाची हकीकत आणि मेक्सिको किंवा अर्जेंटिना येथला चित्रपट यांची सांगड प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु दोहोंपुढे प्रश्न एकच आहे. एकाच्या मालकीची वस्तू दुसऱ्याच्या हाती बळाने किंवा युक्तीने जाते, तेव्हा ती घटना कोणाच्या डोळ्यांनी सांगायची? नेणाऱ्याच्या, की ज्याचे गेले त्याच्या? या एका निवडीवर आख्यानाचा घाट, त्यातील रस आणि त्याची नीती ही तिन्ही अवलंबून असतात.

दरोडापटाची रचना एव्हाना रूढ झाली आहे. जॉन ह्यूस्टन यांच्या १९५० च्या 'द ॲस्फाल्ट जंगल'ने आणि ज्यूल दासँ यांच्या १९५५ च्या 'रिफिफी' या फ्रेंच चित्रपटाने ती सिद्ध केली. प्रथम एका डोक्यात योजना उगवते. मग निरनिराळ्या कसबांची माणसे जमवली जातात. जागेची टेहळणी होते. नंतर प्रत्यक्ष कृत्य, त्यापाठोपाठ पलायन, आणि अखेरीस वाटणी व तिच्यातून उद्भवणारा विनाश. 'रिफिफी'मधील चोरीचा प्रसंग सुमारे अर्धा तास संवादावाचून आणि संगीतावाचून चालतो. त्या शांततेत प्रेक्षकाचा श्वास चोरांच्या श्वासाशी जुळतो. कोणी पकडू नये, आवाज होऊ नये, असे त्याला मनापासून वाटू लागते. या प्रकाराचे सामर्थ्य ते हेच. प्रेक्षकाला तो न कळत भागीदार करून घेतो. मात्र या भागीदारीची एक अट असते. ज्याचे जाणार आहे, त्याचा चेहरा दिसता कामा नये. म्हणून दरोडापटात लुटला जाणारा माणूस बहुधा नसतोच. त्याच्या जागी कुलूप असते, घंटा असते, फार तर डुलक्या घेणारा पहारेकरी असतो.

आरिएल विनोग्राद यांचा 'एल रोबो देल सिग्लो', म्हणजे 'शतकातील दरोडा', हा २०२० चा अर्जेंटिनी चित्रपट या रूढ घाटाचे निर्दोष उदाहरण होय. १३ जानेवारी २००६ रोजी ब्वेनोस आयरेसच्या आकासुस्सो या सधन उपनगरातील एका बँकेवर पडलेला दरोडा हा त्याचा आधार. दरोडेखोरांच्या हातांतील शस्त्रे खेळण्यातली होती. बाहेर पोलिसांचा वेढा पडलेला असताना त्यांनी ग्राहकांच्या तिजोऱ्या फोडल्या आणि तळघरातून खोदलेल्या भुयाराने पावसाळी गटारात उतरून ते होड्यांतून निसटले. मागे त्यांनी शस्त्रावाचून आणि वैरावाचून हे कृत्य केल्याची फुशारकी मारणारी एक चिठ्ठी ठेवली. पुढे ते पकडले गेले, हा भाग निराळा. चित्रपट चटपटीत आहे, त्याला विनोदाची उत्तम जाण आहे, आणि गिझेर्मो फ्रान्सेल्या व दिएगो पेरेत्ती यांचा अभिनय पाहत राहावा असा आहे. तथापि या कलाकृतीविषयी सर्वांत बोलकी गोष्ट तिच्या श्रेयनामावलीत सापडते. प्रत्यक्ष दरोड्याची योजना ज्याने आखली, तोच पटकथेच्या लेखकांपैकी एक आहे. येथे दरोडेखोर हा शब्दशः ग्रंथकार झाला. ज्यांच्या तिजोऱ्या फुटल्या, त्यांना या आख्यानात वाणी नाही. बँक श्रीमंतांची होती, शस्त्रे खोटी होती, रक्त सांडले नाही. एवढ्यावर प्रेक्षकाचे समाधान होते, आणि पुढचा प्रश्न विचारण्याचे त्याला कारण उरत नाही.

तो पुढचा प्रश्न विचारणारा चित्रपट म्हणजे आलोन्सो रुइझपालासिओस यांचा 'मुसेओ' हा २०१८ चा मेक्सिकन चित्रपट. बर्लिनच्या महोत्सवात त्याच्या पटकथेला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. १९८५ च्या नाताळच्या रात्री मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयातून शंभरावर प्राचीन वस्तू चोरीस गेल्या. त्यांत पालेंके येथील माया राजा पाकाल याचा हरिताश्माचा मुखवटाही होता. चोर कसबी नव्हते. पशुवैद्यक शिकू लागलेले दोन तरुण होते. १९८९ मध्ये बहुतेक वस्तू परत मिळाल्या. चित्रपटाने हा ऐवज घेतला आणि दरोडापटाचा घाट आतून उलटा केला. चोरी अर्ध्या वाटेआधीच पार पडते. खरी कथा तिच्यानंतर सुरू होते. हाती आलेला ठेवा इतका अमोल आहे की त्याला गिऱ्हाईकच नाही. आकापुल्कोला भेटलेला इंग्रज संग्राहक वस्तूंची थोरवी जाणतो, आणि म्हणूनच त्या घेऊ शकत नाही. दोघे मित्र त्या पिशवीचे ओझे घेऊन देशभर वणवण करतात. अखेर त्यांतला एक ती वस्तुसंपदा घेऊन संग्रहालयाकडेच परततो.

रुइझपालासिओस यांची खरी अंतर्दृष्टी मात्र आरंभी दिसते. १९६४ मध्ये कोआत्लिंचान या गावातून त्लालोक या पर्जन्यदेवतेची म्हणून मानलेली प्रचंड शिळा याच संग्रहालयासाठी राजधानीत आणली गेली. गावकऱ्यांचा त्याला विरोध होता. चित्रपट त्या स्थलांतराची आठवण करून देतो, आणि मग प्रश्न आपोआप उभा राहतो: संग्रहालयातून जे नेले ती चोरी, तर संग्रहालयात जे आणले ते काय? दरोडापटाच्या इतिहासात ज्याचे गेले त्याचा चेहरा येथे क्षणभर दिसतो. पण क्षणभरच. कॅमेरा पुन्हा त्या दोन तरुणांच्या मागे जातो आणि कोआत्लिंचान मागे पडते. अत्यंत जाणत्या दिग्दर्शकालाही या प्रकाराची चौकट ओलांडता आली नाही. तिच्यापलीकडे काय असते, हे पाहण्यासाठी झाशीकडे वळणे उपयोगाचे ठरते.

विष्णुभट हे पेणजवळच्या वरसई गावचे. घरावर कर्ज झालेले. ते फेडण्यासाठी १८५७ साली काका रामभट यांच्यासह ते उत्तर हिंदुस्थानात निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता होती आणि त्या निमित्ताने भरघोस दक्षिणा मिळेल अशी आशा होती. मोठी रक्कम एकाच प्रयत्नात हस्तगत करून घरची विवंचना कायमची मिटवावी, हा दरोडापटातल्या नायकाचाच संकल्प. फरक इतकाच की येथे साधन वेदविद्येचे आणि मार्ग धर्माचा. वाटेत बंडाचा वणवा भेटला. झाशीत राणीच्या आश्रयाने ते राहिले आणि मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा तटाच्या आत अडकले. ज्या दरवाज्यांतून देवदर्शनाला आणि बाजाराला जायचे, ते दरवाजे आता बंद झाले. दरोडापटात दार हे फोडण्याची वस्तू असते. या पुस्तकात ते आधी रहदारीची वाट असते, मग आडोसा होते, आणि शेवटी तोही पुरत नाही.

३ एप्रिलला इंग्रजी फौज शहरात शिरली. त्यानंतरचे दिवस विष्णुभटांनी ज्या रीतीने सांगितले आहेत, ती रीत मुद्दाम पाहण्याजोगी आहे. कत्तल, जाळपोळ, गवताच्या गंजींत दडलेली माणसे, रस्त्यांतली प्रेते, हे सर्व त्यात येते. पण त्यापुढे लुटीचे वर्णन एखाद्या जमाखर्चाच्या शिस्तीने चालते. लूट सोन्यारुप्यापासून आरंभते, मग भांडीकुंडी जातात, मग कापडचोपड, मग धान्य. आणि गोऱ्या शिपायांमागून देशी पलटणींच्या पाळ्या लागतात. हा क्रम वाचताना अंगावर काटा येतो, तो लेखकाने आक्रोश केला म्हणून नव्हे. घर म्हणजे काय, हे त्या क्रमातून उलगडत जाते म्हणून. प्रथम घराची संपत्ती जाते, नंतर त्याची रोजची सोय, नंतर त्याची अब्रू, आणि सरतेशेवटी उद्याचे जेवण. एका संसाराची रचना जितक्या थरांनी झालेली असते, तितक्याच थरांनी ती उसवली जाते. दरोडापटातली तिजोरी एकदा उघडली की रिकामी होते. घर असे एकदम रिकामे होत नाही.

या वर्णनातील संयमाचे मूळ विष्णुभटांच्या व्यवसायात आहे. दक्षिणेवर जगणाऱ्या माणसाला वस्तूंची पारख असते. कोठे किती मिळाले, कोणी शालजोडी दिली, कोणी नुसत्या नारळावर बोळवण केली, हे त्याच्या ध्यानात राहते. 'माझा प्रवास'मध्ये ही मोजदाद पहिल्यापासून आहे. दरबाराच्या थाटाचे, दागदागिन्यांचे, मेजवान्यांचे वर्णन करताना लेखणी खुलते. हीच मोजणारी दृष्टी लुटीच्या प्रसंगी कायम राहते. तिचा विषय मात्र मिळकतीऐवजी नाश हा होतो. संपत्तीविषयी ज्याला ओढच नाही असा विरक्त पुरुष हे आख्यान इतके खरे करू शकला नसता. स्वतः धनाच्या शोधात निघालेल्या माणसाने धन जाताना पाहिले, यातच या पुस्तकाची नैतिक गुंतागुंत आहे, आणि 'मुसेओ'च्या नायकांशी त्याचे नाते जुळते तेही येथेच.

उत्कंठेच्या दृष्टीनेही हीच तुलना बोधप्रद आहे. दासँच्या चित्रपटात प्रेक्षक छतावर, चोरांच्या बाजूला असतो आणि खालच्या घरात आवाज जाऊ नये म्हणून धडपडतो. विष्णुभटांचा वाचक त्या खालच्या घरात असतो. पावले जवळ येतात, दूर जातात, पुन्हा येतात. शेजारच्या घराचे दार फुटते. येथे उत्कंठेला कौशल्याचा आनंद नाही, कारण पुढे काय होणार हे आतल्या माणसाच्या हाती मुळीच नाही. दरोडापटातील शांतता ही कसबाची खूण असते. कोंडलेल्या घरातील शांतता ही जिवाच्या भयाची खूण असते. दोन्ही ठिकाणी माणसे श्वास रोखून धरतात. रस मात्र निरनिराळे निष्पन्न होतात, एके ठिकाणी अद्भुत, दुसरीकडे भयानक आणि त्यापाठोपाठ करुण.

हा करुण रस पराकोटीला जातो तो मात्र सोन्यानाण्याच्या प्रसंगी नव्हे. झाशीच्या राजवाड्यात संस्कृत हस्तलिखितांचा मोठा संग्रह होता. त्या संग्रहाच्या नाशाने विष्णुभट विशेष व्याकुळ होतात. लुटणाऱ्याच्या लेखी पोथीला मोल नाही. ती नेण्याचीही तसदी कोणी घेत नाही, ती नासून टाकली जाते. 'मुसेओ'तल्या वस्तू अमोल म्हणून विकल्या जात नाहीत; झाशीच्या पोथ्या निर्मोल ठरल्या म्हणून उरल्या नाहीत. एकाच कोड्याची ही दोन उत्तरे आहेत. बाजारभाव हे ज्याचे एकमेव माप, त्याच्या हाती संस्कृतीचा ठेवा गेला की त्याचे या दोहोंपैकी एक काहीतरी होते. मेक्सिकोच्या संग्रहालयातील कपाटे पुन्हा भरली. झाशीच्या ग्रंथालयाची गोष्ट तेथेच संपली.

राहिली वाटणी. दरोडापटात तिला अनन्यसाधारण स्थान असते, आणि १८५८ च्या बुंदेलखंडातील लुटीलाही असे प्रकरण आहे. चित्रकूटजवळच्या करवी येथे अमृतराव पेशव्यांचे वंशज नारायणराव व माधवराव राहत. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉक यांच्या फौजेने प्रतिकारावाचून करवी घेतली आणि तेथील प्रचंड खजिना तिच्या हाती पडला. या लुटीत आपलाही वाटा आहे, असा दावा ज्या दुसऱ्या फौजांनी केला, त्यांत झाशी घेणारी रोज यांची फौज होती. 'बांदा व किरवी'चा हा खटला इंग्लंडच्या नाविक न्यायालयात चालला आणि १८६६ मध्ये न्यायाधीश लशिंग्टन यांनी निकाल दिला. व्हिटलॉक यांच्या फौजेचा आणि सरसेनापती लॉर्ड क्लाइड यांचा हक्क मान्य झाला. रोज यांच्या फौजेचा दावा फेटाळला गेला. निवाडा विद्वत्तापूर्ण आहे. प्रत्यक्ष सहकार्य कशाला म्हणावे याचा सूक्ष्म ऊहापोह त्यात आहे. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न घेणाऱ्यांपैकी कोणाला किती, एवढाच होता. ज्यांचा खजिना गेला ते या कज्जात पक्षकार म्हणून नव्हते. दरोडापटाची दृष्टी ही केवळ करमणुकीची सोय नसून राज्यसत्तेचीही जुनी सवय आहे, हे या प्रकरणावरून ध्यानात येते. कागदपत्रे नेणाऱ्याच्या बाजूने मुबलक असतात. आतल्या बाजूने बोलणारा एखादाच विष्णुभट असतो.

यावर आक्षेप निघू शकतील. चित्रपट ही रचलेली कला आहे, तिला एका वृत्तांताच्या काट्यावर तोलणे न्याय्य नव्हे, असे कोणी म्हणेल. शिवाय खेळण्यातल्या शस्त्रांनी बँक लुटणारे आणि शहर बेचिराख करणारे सैन्य यांना एका पंक्तीला बसवणे अतिरेकाचे होईल. हा आक्षेप खरा आहे, आणि येथे कृत्यांची तुलना अभिप्रेत नाही. तुलना आहे ती निवेदनाच्या जागेची. दुसरा आक्षेप विष्णुभटांच्या विश्वसनीयतेचा. त्यांनी ही हकीकत घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिली. त्यांची दृष्टी एका आश्रित ब्राह्मणाची आहे. तिच्या कक्षेबाहेरचे झाशीकर त्यात अंधुकच दिसतात. पुस्तक प्रसिद्ध झाले तेही लेखकाच्या पश्चात, १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्य यांच्या हातून, आणि वैद्यांनी मूळ लेखनावर बराच हात फिरवला होता. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली, तेव्हा विष्णुभटांची स्वतःची, व्याकरणाची फारशी पर्वा न करणारी भाषा वाचकांपुढे आली. इतिहासाचे साधन म्हणून या मर्यादांची नोंद घेतलीच पाहिजे. परंतु आतून पाहण्याची जागा या मर्यादांनी नाहीशी होत नाही. स्मृतीत दिवसांचा हिशेब चुकेल. कोंडलेल्या घरातील भीती चुकत नाही.

झाशी चित्रपटात येऊन गेली नाही असे नाही. १९५३ साली सोहराब मोदींनी 'झाँसी की रानी' हा रंगीत चित्रपट मोठ्या डौलाने काढला. २०१९ मध्ये 'मणिकर्णिका' आला. दोहोंत घोडा आहे, तलवार आहे, तटावरच्या तोफा आहेत. राणीच्या पराक्रमाला ते उचितही आहे. पण पराक्रमाच्या आख्यानात शहर ही पार्श्वभूमी राहते. राणी ४ एप्रिलच्या रात्री किल्ल्यातून निघून गेल्यावर कॅमेरा तिच्यामागे जातो. मागे उरलेल्यांची झाशी पडद्याबाहेर राहते. वीरपट आणि दरोडापट हे दोन प्रकार एरवी परस्परविरोधी. पण या एका बाबतीत ते सारखेच वागतात. दोहोंनाही चालत्या माणसात रस आहे, घरात बसलेल्यात नाही. घरात बसलेल्याचे आख्यान मराठीत मात्र शतकाहून अधिक काळ छापील स्वरूपात पडून आहे.

विष्णुभट सुमारे दोन वर्षांनी वरसईला परतले. जमवलेल्या दक्षिणेचा बहुतेक भाग वाटेतल्या लुटींत गेला होता. आईवडिलांसाठी त्यांनी खांद्यावर आणली ती गंगेची कावड. ती कोणी लुटली नाही, कारण लुटण्याजोगे तिच्यात कोणाला काही दिसले नाही. आणि कर्जासाठी निघालेल्या त्या माणसाच्या पदरात पडलेली मिळकत म्हणून पुस्तकाच्या शेवटी तीच उरते. दरोडापटाच्या हिशेबाने हा प्रवास सपशेल फसलेला आहे. साहित्याच्या हिशेबाने त्याची दुसरी मिळकत म्हणजे ही हकीकत होय. लक्ष्मी गेटच्या आत काय गेले आणि कोणत्या क्रमाने गेले, याची ज्यांचे गेले त्यांच्या बाजूने लिहिलेली यादी तिच्यामुळे मराठीत शिल्लक आहे. यापुढे एखादा दिग्दर्शक, स्पॅनिश असो वा मराठी, दरोड्याचे चित्र काढू लागेल, तेव्हा ही यादी त्याने एकदा तरी वाचलेली असावी.